ऑर्डर वाढली, आता पैसे कुठून आणू?

मागच्या श्रावणात आमच्या एका कस्टमरचा फोन आला की तुमचं शेड्यूल वाढवतोय, आत्ता महिन्याला सगळा मिळून जेवढा माल काढता त्याच्या निम्मा अजून लागेल, तयारी करा. हे शॉपमधून ऑफिसात आले ते पेढे मागवा म्हणतच आले. पोरांनी मशीन चालू ठेवूनच पेढे खाल्ले, आप्पांना घरी फोन लावला तर ते म्हणाले देवापुढं साखर ठेवा. मी पण पेढा खाल्ला. मग सगळे गेल्यावर एक्सेल उघडून बसले ती रात्री साडेनऊपर्यंत तिथंच होते, कारण मला आकड्यांत दिसत होतं की ही ऑर्डर आहे तशी घेतली तर दिवाळीत पोरांचा बोनस द्यायला आपल्या खात्यात पैसे नसणार.

त्या रात्रीपासून हे लिहायचं डोक्यात होतं. छोट्या धंद्याबद्दल कुठंही बोलणं निघालं की लोक म्हणतात मार्केट नाही, ऑर्डर नाहीत, कामगार मिळत नाहीत, चायनाचा माल येतो. हे सगळं खरं आहे. पण गेली अकरा वर्षं मी आमच्या शॉपचे हिशोब बघतेय आणि आजूबाजूचे चांगले चालणारे तीन गाळे माझ्या डोळ्यांसमोर बंद पडले, त्यातल्या एकालाही कामाची टंचाई नव्हती. काम भरपूर होतं. पैसा दुसऱ्याकडं अडकला होता.

आधी आमच्याबद्दल थोडं. शिरोली एमआयडीसीत भाड्याचा गाळा आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), तीन सीएनसी टर्निंग (तशीच लेथ), एक रेडियल ड्रिल, आणि आम्ही दोघं धरून तेरा माणसं. फौंड्रीतनं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडाचा पार्ट, विकत घ्यायचं, मशीनिंग करायचं, गेज लावून तपासायचं, गंज चढू नये म्हणून तेल लावून क्रेटमध्ये भरायचं आणि कंपनीला पाठवायचं. ट्रॅक्टरचे पार्ट जास्त, थोडे पंपाचे. कोल्हापुरात असे शेकड्यानं लोक आहेत. उद्यमनगरात आप्पांचं एक लेथ होतं, तिथून शिरोलीला आलो, कोणी गोकुळ शिरगावला गेलं, कोणी कागलच्या फाईव्ह स्टारला. फौंड्रीचं गाव म्हणून आपलं नाव आहे आणि त्या प्रत्येक फौंड्रीच्या आजूबाजूला आमच्यासारखी मशीनशॉप असतात.

सरकारच्या भाषेत आम्ही सूक्ष्म. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलली, आता मशीनरीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत टर्नओव्हर असला तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु, १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. म्हणजे पाचशे कोटी विकणारा पण आपल्याच एमएसएमईच्या पंगतीत बसलेला असतो, त्यामुळं एमएसएमईला अमुक मिळालं तमुक मिळालं अशी बातमी आली की मी आधी बघते की कोणाला मिळालं.

आता ती ऑर्डर. आमचं महिन्याचं बिलिंग तेव्हा जीएसटी सोडून साधारण २० लाख, त्यात १० लाख वाढणार होते. त्या १० लाखांत कास्टिंग ६ लाखांचं. पगार, लाईट, इन्सर्ट (टूलची बदलायची धार), कूलंट, टेम्पो मिळून ३ लाख २० हजार. राहिले ८० हजार. आठ टक्के, आमच्या लाईनमध्ये हे चांगलंच म्हणायचं. ह्यांनी पण हाच हिशोब मनात करून पेढे मागवले होते, महिन्याला ८० हजार म्हणजे वर्षाला साडेनऊ लाखांच्या वर.

पण पैसा कधी येणार? पीओवर, म्हणजे कंपनीच्या खरेदीच्या ऑर्डरवर, लिहिलेलं असतं माल मिळाल्यापासून ६० दिवस, येतो ९० दिवसांनी. फौंड्रीवाला आम्हाला ३० दिवस थांबतो, त्यापुढं तो पण थांबू शकत नाही, त्याला स्क्रॅप आणि पिग आयर्न रोखीनं आणायचं असतं. मग मी मांडलं की पहिला रुपया आत यायच्या आधी किती रुपये बाहेर जातात. दोन महिन्यांच्या कास्टिंगचे जीएसटीसकट १४ लाख १६ हजार. तीन महिन्यांचे पगार लाईट टूलिंग ९ लाख ६० हजार. आणि जीएसटी, जो आम्हाला कंपनीनं पैसे दिले का नाही ह्याच्याशी सरकारला काही देणंघेणं नाही, बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, कास्टिंगवरचं क्रेडिट वजा जाता महिन्याला ७२ हजार, दोन महिन्यांचा १ लाख ४४ हजार. बेरीज २५ लाख २० हजार.

महिन्याला ८० हजार कमवायला आधी २५ लाख घालायचे. घातले तरी ते परत येत नाहीत, कारण पहिल्या महिन्याचे आले की चौथ्या महिन्याचे अडकलेले असतात, ऑर्डर चालू आहे तोवर ते २५ लाख कायम त्या कंपनीच्या पोटात. ८० हजारांनी भागून बघा, साडेएकतीस महिने. अडीच वर्षांहून जास्त दिवसांचा सगळा नफा, घरात एक रुपया न आणता, फक्त ती ऑर्डर उभी करायला. बँकेकडनं घेतले तर आमच्या सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज अकरा टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे महिन्याला २३ हजार त्यातच गेले.

मला हे कुणी शिकवलं नव्हतं. बीकॉमला वर्किंग कॅपिटलचं प्रकरण होतं, सूत्र पाठ होतं, परीक्षेत गणित पण सुटलं होतं. पण धंदा वाढला की पैसा कमी पडतो हे त्या पुस्तकातनं कधी अंगाला लागलं नाही, ते लागलं शुक्रवारी पगार करताना. हातात ऑर्डर वाढतायत, पोरं ओव्हरटाईम करतायत, शॉपमध्ये क्रेट ठेवायला जागा नाही, बाहेरनं बघणाऱ्याला वाटतंय ह्यांचं जोरात चाललंय, आणि आत मी बघतेय की खात्यात चाळीस हजार आहेत आणि सोमवारी मशीनचा हप्ता आहे.

बँकेचं पण सांगते कारण हे फार लोकांना माहीत नसतं, नव्यानं शॉप टाकणाऱ्यांना तर अजिबातच नसतं. सीसी लिमिट ४० लाखांचं मंजूर झालं म्हणजे ४० लाख वापरता येतात असं नाही. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं, त्यावरनं बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खरंच किती उचलता येईल ते, काढते, स्टॉक अधिक येणं, त्यातनं कास्टिंगवाल्याचं देणं वजा, वर मार्जिन कापून. आणि येण्यामध्ये ९० दिवसांच्या वरची बिलं साधारणपणे धरतच नाहीत. म्हणजे कंपनीनं पैसे लांबवले की मला एक मार तिथं बसतो, पैसे आले नाहीत म्हणून. दुसरा मार बँकेत बसतो, कारण तीच बिलं आता हिशोबात नाहीत म्हणून माझी उचलायची ताकद कमी झाली. समजा १५ लाखांची बिलं ९० दिवस ओलांडून गेली आणि मार्जिन २५ टक्के आहे, तर सव्वाअकरा लाखांनी ड्रॉइंग पॉवर खाली. ज्या महिन्यात पैशाची सगळ्यात जास्त गरज त्याच महिन्यात दोन्ही नळ बंद.

आणि माझा हप्ता चुकला तर? एक दिवस चुकला की एसएमए शून्य (बँकेची धोक्याची पहिली पायरी), महिना झाला की एसएमए एक, दोन महिने झाले की एसएमए दोन, ९० दिवस ओलांडले की एनपीए. सिबिलवर डाग. मोठ्या कंपनीनं मला ९० दिवस पैसे दिले नाहीत तर ती नियमित कस्टमर, मी बँकेला ९० दिवस दिले नाहीत तर मी बुडीत. हे मला मनापासून लागतं. अकरा वर्षांत आमचा एक पण हप्ता चुकलेला नाही, पण त्यासाठी दोनदा माझ्या पाटल्या आणि एकदा गंठण गहाण ठेवलंय आणि हे मी लाजून सांगत नाही, शिरोलीत ज्या ज्या गाळ्यात बायका हिशोब बघतात त्यातल्या बऱ्याच जणींनी ठेवलंय.

कायदा नाहीये असं पण नाही. २००६ चा एमएसएमईडी कायदा आहे, त्यात स्पष्ट आहे की सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसला तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज द्यायचं. तक्रारीला २०१७ पासून समाधान पोर्टल आहे, तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलपुढं जाते, निकाल विरोधात गेला आणि कंपनीला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर इतका दणकट कायदा दुसरा क्वचित असेल. पण मी आजपर्यंत एकदाही तक्रार टाकलेली नाही. टाकली तर पैसे मिळतील, व्याज पण मिळेल कदाचित, पण त्याच्या दुसऱ्या दिवशी व्हेंडर कोड ब्लॉक होईल, म्हणजे तिथलं काम बंद, आणि आमच्या बिलिंगमधला साठ टक्के माल त्या एकाच कंपनीला जातो. ह्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही, बारा घरं चालतात त्यावर.

म्हणून मला २०२३ च्या बजेटमधलं कलम जास्त कामाचं वाटलं. आयकराचं ४३बी एच. त्यात मला कोणाविरुद्ध तक्रार करायला लागत नाही. सूक्ष्म लघुवाल्याचे पैसे वर म्हटलेल्या मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, ज्या वर्षी खरंच पैसे देतील त्या वर्षी मिळणार. २०२३-२४ च्या हिशोबापासून लागू झालं आणि त्या मार्चमध्ये जे घडलं ते मी पहिल्यांदा बघितलं, कंपन्यांच्या अकाउंट्समधनं आम्हाला फोन यायला लागले, तुमचं उद्यम सर्टिफिकेट (एमएसएमई म्हणून नोंदणीचं) पाठवा, तुम्ही सूक्ष्म का लघु, मॅन्युफॅक्चरर का ट्रेडर. एरवी मी फोन करायची आणि तिकडून कोण उचलायचं नाही. मार्चअखेर आमचं येणं इतकं कमी झालं होतं जितकं कधीच नव्हतं. पण दुसरी बाजू पण आहे, एका ठिकाणाहून मला सरळ विचारलं की उद्यम रजिस्ट्रेशन रद्द केलंत तर बरं होईल, मग आपलं काम सुरळीत चालू राहील. मी नाही म्हणाले. त्यांनी काम बंद केलं नाही, पण नवीन पार्टचं ड्रॉइंग पण परत पाठवलं नाही.

आता मी एका गोष्टीकडं वळते जी कायद्यानं सुटत नाही. एकदा एक बिल खूप रखडलं होतं, २७ जूनचं, मी ३ ऑक्टोबरला फोन केला, ९८ दिवस झाले होते. तिकडचा मुलगा चांगला होता बोलायला. (पार्क म्हणजे बिल सिस्टीममध्ये नुसतं ठेवलेलं, पोस्ट म्हणजे हिशोबाला चढलेलं, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्या स्टोअरची नोंद.)

"मॅडम, बिल पार्क झालंय, पोस्ट व्हायचंय."

"पार्क कधीपासून आहे?"

"जुलैपासून दिसतंय. जीआरएनमध्ये दोन नगांचा फरक आहे ना. चारशेचं चलन आहे, स्टोअरनं तीनशे अठ्ठ्याण्णव घेतलेत."

"मग आम्हाला कळवायचं ना."

"मेल गेली असेल मॅडम सिस्टीममधनं."

मेल गेली होती. ह्यांच्या जुन्या ईमेल आयडीवर, जो आम्ही तीन वर्षांपूर्वी बंद केला. नग ७८० रुपयांचा. म्हणजे १,५६० रुपयांच्या फरकापायी ३ लाख १२ हजारांचं बिल तीन महिने तिथं पडून होतं आणि आम्ही इकडं बँकेला व्याज भरत होतो. मी लगेच दोन नगांची क्रेडिट नोट पाठवली, आठव्या दिवशी पैसे आले. त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली, मी आता ड्यू डेट झाल्यावर फोन करत नाही. माल गेल्यापासून तिसऱ्या दिवशी जीआरएन नंबर मागते, दहाव्या दिवशी बिल पोस्ट झालं का विचारते, पोस्ट झालं की ड्यू डेट काय पडली ते लिहून घेते. उशिरा येणाऱ्या पैशातला निम्मा उशीर आमच्याच कागदांतला निघाला, चलनावर पीओची जुनी लाईन, एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) चुकलेला, जीएसटीआर-१ (आमचं विक्रीचं रिटर्न) उशिरा भरल्यामुळं त्यांच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी क्रेडिटच्या यादीत, बिल न दिसणं. कंपनीला नावं ठेवायच्या आधी हे दुरुस्त केलं आणि पैसे यायची सरासरी ९४ दिवसांवरनं ७८ वर आली, कोणाशी न भांडता.

असंच दुसरं दुखणं कॉस्टिंगचं. एका पार्टचं मशीनिंग आम्ही ३० रुपयांना घेतलं होतं, तीन वर्षं करत होतो, नियमित काम, सगळ्यांना वाटायचं हा आपला हक्काचा पार्ट. मला मात्र महिनाअखेर ताळा लागायचा नाही, माल एवढा गेला तर पैसा दिसत का नाही. एक दिवस मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मशीनपाशी स्टूल टाकून बसले. ऑपरेटर आमचा जुना माणूस, तो म्हणाला वहिनी माझ्यावर लक्ष ठेवताय होय. म्हटलं नाही हो दादा, तुमच्यावर नाही, आमच्या कोटेशनवर ठेवतेय. सायकल टाईम खरंच साडेचार मिनिटं होता, लोड अनलोड धरून. हे कोटेशन करताना आठ तासांचे ४८० मिनिट भागिले साडेचार, १०६ नग धरायचे. पण दिवसभरात काय काय होतं ते मी वहीत लिहिलं. सकाळी पहिला नग पास होईपर्यंत वीस मिनिटं. दर पाच नगांना बोअर गेज लावून बघायचं. इन्सर्टची धार गेली, बदलला, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) दिला, परत पहिला नग तपासला. बोरिंगचा चुरा साठला तो काढला. एका कास्टिंगला फिनिश कटला ब्लोहोल (ओतताना राहिलेलं हवेचं छिद्र) निघालं, बाजूला ठेवलं. जेवण, दोन चहा. साडेअकराला लाईट गेली, नऊच मिनिटं, पण मशीन रेफरन्सला घेऊन परत सुरू करेपर्यंत पंचवीस. शिफ्ट संपली तेव्हा नग किती, ७८.

मशीनचा तास आम्हाला साधारण ३५० ला पडतो, हप्ता पगार लाईट भाडं सगळं वाटून. आठ तासांचे २,८००. १०६ नगांनी भागलं तर नग २६ रुपये ४० पैशांना पडतो आणि ३० ला विकला की साडेतीन रुपये सुटतात. ७८ नी भागलं तर ३५ रुपये ९० पैसे. आम्ही प्रत्येक नगामागं जवळजवळ सहा रुपये पदरचे घालत होतो, तीन वर्षं, नियमित. आणि ते ब्लोहोलवालं कास्टिंग फौंड्री बदलून देते, पण त्यावर केलेलं मशीनिंग गेलं ते गेलंच, त्याचे कोणी देत नाही.

हे रात्री मी दाखवलं तेव्हा हे बराच वेळ काही बोलले नाहीत. माणूस हाडाचा मशीनिस्ट आहे, मायक्रॉनमध्ये बोलतो, त्याला त्याच्याच हातच्या कामात पैसा गळतोय हे दाखवणं मला पण जड गेलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी फिक्स्चर (मशीनवर नग पकडून ठेवणारी चौकट) बदलायला घेतलं, एका वेळी दोन नग बसतील असं, आणि महिन्याभरात तोच पार्ट शिफ्टला १२० च्या पुढं गेला. रेट पण ३३ करून मागितला, ३२ मिळाला. मला वाटतं छोट्या धंद्याच्या वाढीत सगळ्यात जास्त फळ देणारी जागा हीच आहे, नवीन मशीन घ्यायच्या आधी असलेल्या मशीनपाशी एक अख्खा दिवस बसणं. आणि ते मालकानं किंवा घरच्या माणसानंच करायला पाहिजे.

बाकी अडचणी थोडक्यात सांगते. महाराष्ट्रातली वीज महाग आहे, शेजारच्या कर्नाटकात जातो अशी भाषा कोल्हापूरच्या कारखानदारांनी किती वेळा केली असेल, पण मशीनशॉपपेक्षा फर्नेसवाल्यांना ते जास्त बसतं. पुराचं तर विचारू नका, ऑगस्ट २०१९ ला आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी हायवेवर आलं, रस्ता बंद, माल तयार आणि टेम्पो जागेवर. पाऊस कमी पडला तरी आम्हालाच, ट्रॅक्टर विकला जात नाही आणि शेड्यूल कापलं जातं, जास्त पडला तरी आम्हालाच.

माणसांचं जरा जास्त सांगायला पाहिजे. आयटीआयचा पोरगा येतो, वर्षभर ड्रॉइंग वाचायला, ऑफसेट द्यायला शिकतो, चांगला सेटर होतो आणि चाकणला जातो, तिकडं पगार जास्त. मला त्याचा राग येत नाही, त्यानं जावंच. पण त्याच्या डोक्यात जे साठलेलं असतं, कुठला पार्ट कितव्या ऑफसेटला बसतो, कुठलं कास्टिंग दाबून धरलं की वाकतं, ते सगळं त्याच्याबरोबर जातं आणि आम्ही परत पहिल्यापासून. दोन वर्षांपूर्वी ह्यांना डेंग्यू झाला, बारा दिवस शॉपमध्ये पाय नाही, तेव्हा कळलं की आमचा तर एकखांबी तंबू आहे. मशीन सहा, माणसं तेरा, पण नवीन सेटिंग एकाच माणसाच्या हातात. त्या बारा दिवसांत आम्ही फक्त चालू पार्ट काढले, दोन पार्टांची डिलिव्हरी चुकली, एका कंपनीनं लाईन थांबली म्हणून डेबिट नोट लावली, म्हणजे आमच्या पैशातनं कापले. त्यानंतर मी पोरांकडून प्रत्येक पार्टचं सेटिंगचं पान लिहून घ्यायला लागले, फोटोसकट, टूल कुठला, क्लॅम्प कुठं, गेज कुठलं, लक्ष कुठं ठेवायचं. आता ३४ पार्टांची पानं झालीत. लिहायला पोरं आधी कंटाळायची, मग एकानं दुसऱ्याच्या पानात चूक काढली आणि त्यांच्यात चढाओढ लागली.

आप्पा कधीकधी किर्लोस्करवाडीचं सांगतात. आमच्या भागात ते प्रत्येक घरात सांगतातच. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर खपायला बराच काळ गेला, लोखंडानं जमीन नासते अशी लोकांची समजूत होती. बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० ला तिथं कारखाना उभा राहिला. आप्पा ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला त्यात दरवेळी तो राजा दिसतो. घाई न करता थांबणारा, जागा आणि आधार देणारा कोणीतरी होता मागं. आज शिरोलीत जे पोरगं एक सेकंडहँड व्हीएमसी घेऊन उभं राहतंय त्याच्यामागं थांबणारं कोण आहे? सीजीटीएमएसई ही सरकारची कर्जहमीची योजना २००० सालापासून आहे, तारण न ठेवता कर्ज मिळायला त्याचा खरंच उपयोग होतो, आमचं पहिलं व्हीएमसी त्यातच झालं. २०२० ला कोरोनात ईसीएलजीएस हे सरकारी हमीचं तातडीचं कर्ज आलं, बाकी कर्जाच्या २० टक्के जादा, पहिलं वर्ष मुद्दल नाही, त्यानं आमच्यासारखे कित्येक वाचले. पण हे पण कर्जच. स्वतःचेच अडकलेले पैसे परत यायला वेळ लागतो म्हणून आम्ही कर्ज घेतो आणि त्याचं व्याज आम्हीच भरतो, हे मला आजपण पटत नाही.

तर त्या ऑर्डरचं काय केलं. ह्यांच्याशी चार दिवस बोलणं चाललं, थोडं भांडण पण झालं, कारण कस्टमरला नाही म्हटलं की तो दुसरीकडं जातो ही भीती त्यांना आप्पांकडनं मिळालीय. शेवटी आम्ही दोघं मिळून पर्चेसच्या साहेबांना भेटायला गेलो. मी कागद घेऊन गेले होते, वरचाच हिशोब एका पानावर. म्हटलं साहेब, माल आम्ही देतो, क्वालिटी तुम्ही बघितलीय, पण आम्हाला इतकेच दिवस परवडतात. एकतर कास्टिंग तुम्ही तुमच्या नावावर घेऊन द्या, आम्ही नुसतं मशीनिंग करतो. नाहीतर बिलं ट्रेड्सवर घ्या. ट्रेड्स म्हणजे रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिलेले प्लॅटफॉर्म, आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट वगैरे, तिथं कंपनीनं आमचं बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि आम्हाला थोडे कापून लगेच पैसे मिळतात, पुढं कंपनी त्या बँकेला देते आणि तिनं नाही दिले तरी बँक आमच्या मागं येत नाही. २५० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी करायची सक्ती आहे, ३१ मार्च २०२५ ची मुदत होती. नोंदणी त्यांची झालेली होती. बिलं मात्र चढवत नव्हते, कारण कोणी मागितलंच नव्हतं.

साहेबांनी पान दोनदा वाचलं. म्हणाले, ट्रेड्सचं फायनान्सला विचारतो, कास्टिंगचं जमेल बहुतेक. तीन आठवडे लागले. ऑर्डरमधल्या चारपैकी दोन पार्टांचं कास्टिंग आता ते स्वतः घेऊन आमच्याकडं पाठवतात, त्यामुळं बिलिंग १० लाखांऐवजी साडेसहा लाखांनीच वाढलं आणि ह्यांना ते थोडं लागलं, आकडा लहान दिसतो म्हणून. पण त्या दोन पार्टांवर आमचे फक्त पगार लाईट टूलिंग अडकतात. तिसऱ्या पार्टची बिलं ट्रेड्सवर जायला लागलीत, पहिल्यांदा पैसे आले ते बिल मान्य झाल्यापासून तिसऱ्या दिवशी, मी मेसेज दोनदा उघडून बघितला. चौथा पार्ट आम्ही घेतला नाही. तो आमच्या शेजारच्या गाळ्यात गेलाय आणि त्यांना मी हेच पान देऊन आलेय.

दिवाळीचा बोनस धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दिला, सगळ्यांचा.

ऑफिसच्या दारामागं आता एक पांढरा बोर्ड आहे, त्यावर मी दर सोमवारी एकच आकडा लिहिते, आपले पैसे सरासरी किती दिवसांनी येतायत. ह्या सोमवारी ६६ होता. हे आणि मी ठरवलंय की तो ६० च्या खाली सलग तीन महिने राहिला की तिसरं व्हीएमसी घ्यायचं, त्याआधी नाही. मशीनवाल्याचं कोटेशन ड्रॉवरमध्ये आहे, तो दर पंधरा दिवसांनी फोन करतो, आणि परवा त्याच्या आधी आमच्या ऑपरेटर दादांनीच दारातनं डोकावून विचारलं, "वहिनी, किती झालं?"